दाब, धर, सोड

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते कवळ्या घडवायचे. दिवसभर लोकांची तोंडं यांच्या हातात आणि स्वतःचं तोंड मात्र कायम बंद, अशी थट्टा त्यांची बायकोच करायची. देवाने त्यांच्या बोटांत कला भरताना काही कसर ठेवली नव्हती. जिभेच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला होता.

रविवारी आंघोळ, प्रार्थना आणि चहा उरकला की ते जिना उतरून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरत. तिथे त्यांची जुनी पांढरी गाडी उभी असे. ती कधी गॅरेजची पायरी चढली नव्हती. भिंतीवर खिळ्यांना हत्यारं टांगलेली, सगळी पुसून लख्ख. रिंग पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. त्यांच्या शेजारी गोटी पाना. अडचणीतला नटसुद्धा तो कटकट करत, हात न काढता फिरवायचा. कपाटाच्या मोडक्या दाराला जुन्या खुर्चीची चाकं लावून केलेली फळी, तिच्यावर उताणं पडलं की माणूस अलगद गाडीखाली सरकायचा. टोकाला चुंबक असलेली कांडी, हातातून निसटलेला स्क्रू वर काढायला. पण सर्वांत लाडका म्हणजे डॉक्टरांनी टाकून दिलेला दात बघायचा छोटा आरसा. इंजिनाच्या पाठीमागे जिथे डोळा पोचत नाही, तिथे तो आरसा पोचायचा. त्याला ते फुंकर मारून मऊ फडक्याने पुसत. बायको म्हणायची, एवढं मला जपलं असतं तर मी अजून तरुण दिसले असते.

सगळी कामं ते एकटे उरकत. एकट्याने होत नसे ते एकच, ब्रेकची हवा काढणं. ब्रेकच्या नळीत हवा अडकली की ब्रेक दाबला तरी गाडी वेळेवर थांबत नाही. मग एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने चाक काढून, तिथलं छोटं निपल पान्याने उघडून हवा आणि थोडं तेल बाहेर जाऊ द्यायचं. निपल पुन्हा घट्ट होईपर्यंत आतल्याने पाय सोडायचा नाही. सोडला तर बाहेरची हवा उलट आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

पाय ब्रेकपर्यंत पोचायला लागले तेव्हापासून हे आतलं काम त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं होतं.

"दाब," ते चाकापाशी बसून म्हणायचे.

"दाबलंय."

"धर."

"धरलंय."

"सोड."

दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नसत. म्हणूनच असेल, पण स्वयंपाकघरात बापासमोर गप्प असणारी पोर तिथे बोलायची. गणितात नापास झाल्याचं तिने एकदा असंच ‘धर’ आणि ‘सोड’च्या मधे सांगून टाकलं. कवळीवाल्यांनी निपल घट्ट केलं, सोड म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून लवकर येऊन तिच्या शेजारी वही उघडून बसले. हिशेबाचं शिक्षण नको, लहान मुलांना शिकवायचंय, हेही तिने तिथेच सांगितलं. ते नुसतं ‘हं’ म्हणाले आणि आठवड्याच्या आत अर्ज घेऊन आले. त्यांचं ‘हं’ म्हणजे दगडावरची रेघ, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. आई खिडकीतून ओरडायची, "या घरात बापलेकीला बोलायचं तर आधी चाक काढावं लागतं."

मुलगी शिकली, शाळेत लागली. हल्ली तिला हाक मारली की ती कुरकुरायची. केस धुवायचेत, वह्या तपासायच्यात, पाय भरून येतो. वरवरचीच कुरकुर ती, पण कवळीवाल्यांनी ती मनाला लावून घेतली. त्याच सुमारास तिचं लग्नही ठरलं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, आणि मुलगी ‘नाही’ म्हणाली नव्हती.

हत्यारांच्या दुकानात त्यांना ती बाटली दिसली. पारदर्शक बाटली, तिला रबरी नळी, नळीत एक छोटा पडदा. तेल आणि हवा बाहेर जाई, उलट मात्र काही येत नसे. एक टोक निपलला लावायचं आणि आपणच आत बसून ब्रेक दाबत राहायचं. दुसऱ्या माणसाची गरजच संपली. मूल खेळणं घेऊन येतं तसे ते ती बाटली घेऊन घरी आले.

त्या रविवारी मागचं चाक काढून ते खाली बसले होते. मुलगी न बोलावता आली. ओले केस तसेच होते आणि पायांत घरातल्या चपला. ती सरळ गाडीचं दार उघडायला गेली.

"अगं थांब," ते खुशीत म्हणाले आणि बाटली उंच धरली. "हे बघ. आता तुला अडकून पडायला नको. तुझी गरजच नाही. जा तू."

ती थोडा वेळ दाराला हात लावून उभी राहिली. मग भिंतीवरचा दातांचा आरसा काढून तिने उगाच त्यात बघितलं आणि तो खिळ्याला परत अडकवला. "छान आहे, बाबा," एवढं म्हणून ती वर गेली. त्यांनी मान वर करून बघितलंही नाही. नळी निपलवर घट्ट बसत होती आणि त्यांना फार आनंद झाला होता.

लग्न झालं. ते टिकलं नाही. मुलगी एक दिवस बॅग घेऊन आली, चार दिवस राहिली, कोणाबद्दल वाईट बोलली नाही. मग दुसऱ्या गावात नोकरी आणि एक खोली बघून निघून गेली. कवळीवाल्यांनी विचारलं नाही. विचारायचं कसं, हे त्यांना कळतच नव्हतं.

ती गेल्यावर एका दुपारी बायको प्रार्थना संपवून उठली आणि तशीच त्यांच्यासमोर येऊन बसली.

"एक विचारू? लग्नाआधी त्या रविवारी ती तुमच्याशी बोलली, तेव्हा तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"काय बोलली?"

"अहो, हे लग्न नको म्हणून. मला म्हणाली, तू मधे पडू नकोस, बाबांना मीच सांगते, ब्रेकचं काम करताना. वर आली ती गप्पच. मला वाटलं, तुम्ही समजूत काढलीत."

 कवळीवाले उठून शेडमध्ये गेले. बाटली खिळ्याला टांगलेली होती. ती काढून त्यांनी वर आणली आणि चादरींच्या कपाटात अगदी मागे खुपसली. त्या दिवसापासून पांढऱ्या गाडीच्या ब्रेकला त्यांनी हात लावला नाही. ते मुलीच्या येण्याची वाट बघत राहिले.

ती आली ती स्वतःची जुनी छोटी गाडी घेऊन. त्यांनी गाडी गल्लीत फिरवून आणली आणि ब्रेकमध्ये हवा आहे म्हणाले. होती, पण थोडीच. बाटली आहे ना, मुलीने विचारलं. फुटली, ते म्हणाले. बायकोने कपाटाकडे बघितलं. खोटं बोलणं तिला कधी खपत नसे, पण त्या दिवशी ती चुलीकडे वळली.

मुलगी आत बसली. दाब, धर, सोड. मागची दोन चाकं झाली, पुढचं डावं झालं. ती अवाक्षर बोलली नाही. शेवटचं चाक तिच्या दारापाशीचंच. त्यांनी निपल उघडलं, तेल स्वच्छ आलं, त्यांनी निपल घट्ट केलं. आता सोड म्हणायचं.

"बाबा, सोडू?"

"थांब." त्यांनी पाना खाली ठेवला. "त्या रविवारी तू मला सांगायला आली होतीस?"



"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होतात. आणि समोरासमोर मला जमलं नसतं."

"तू सांगितलं असतंस तर..."

"माहीत आहे, बाबा. तुम्ही दुसऱ्याच दिवशी जाऊन लग्न मोडून आला असता." तिचा आवाज शांत होता. "एवढं ठाऊक असून मी बोलले नाही, हेच मला सगळ्यात जास्त आठवतं. सोडू का? पाय भरून आलाय."

"सोड."

चाक बसवताना ती बाहेर येऊन उभी राहिली आणि तळहातावरचे नट एकेक करून देत गेली. कवळीवाले ते समोरासमोरच्या जोडीने घट्ट करत गेले. काम संपलं. संध्याकाळी ती निघाली. वळणावर तिने ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली, मग वळून गेली.

कवळीवाले वर आले. हात तीनदा धुतले तरी ब्रेकच्या तेलाचा वास जात नव्हता. बायकोने बाटली कपाटातून काढून टेबलावर ठेवली होती.

"बोललात?" तिने विचारलं.

"हं."

"काय म्हणाली?"

ते बाटलीकडे बघत राहिले. "म्हणाली, मी मोडून आलो असतो."

बायको त्यांच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने पदराने बाटलीवरची धूळ पुसली आणि ती पुन्हा चादरींच्या मागे ठेवून दिली.