सात-चाळीसचा अर्ज

बाबा भोरच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून द्यायचे. पत्र्याची शेड, लाकडी टेबल, टेबलावर काच आणि काचेखाली नमुन्यादाखल ठेवलेले जुने अर्ज. समोर माणूस येऊन बसला की नाव-गाव विचारायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "वडील हयात हायत का?" निम्मी माणसं वारसनोंदीसाठीच यायची, त्यामुळे हे आधी विचारलं की वेळ वाचायचा. शाळा सुटली की मी त्या शेडमध्ये बसायचे. तो प्रश्न ऐकून ऐकून मला वाटायचं, मोठी माणसं भेटली की असंच विचारायचं असतं. एकदा मी आमच्या मुख्याध्यापकांनाच विचारलं आणि घरी त्याबद्दल भरपूर बोलणी खाल्ली.

बाबांचा दुसरा हट्ट पोचेचा. अर्ज दिला आणि पोच घेतली नाही, तर तो माणूस त्यांच्या लेखी अडाणी. "उत्तर काय कवा पन येईल. पोच आधी घ्या," असं ते प्रत्येकाला बजावायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शेड बंद केली. अक्षर आता थरथरतं, म्हणाले. मी ते खरं मानलं.

आई गेल्यावर मी पुण्याहून भोरला राहायला आले. नोकरी पुण्याच्या कंपनीचीच, पण काम घरच्या आतल्या खोलीतून. बाबांवर लक्ष ठेवायला आले, असं मी सगळ्यांना सांगत असे. आमच्या कंपनीची वेबसाइट आजार आणि औषधं यांची मराठीत माहिती देते. वर एक चौकट आहे, त्यात दोन-तीन शब्द टाकले की माहितीची पानं समोर येतात. त्या चौकटीमागे सात सर्व्हर एकत्र राबतात. ते धड चालले आहेत की नाही, हे बघणं माझं काम.

मोठ्या कौतुकानं मी ती वेबसाइट बाबांच्या मोबाईलवरही लावून दिली होती. "बाबा, तब्येतीचं काहीही विचारा, उत्तर मिळतं."

"कुनाकडं जातं हे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या सर्व्हरकडे," मी लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाले.

"म्हंजे हापिसच की," ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

यंदा उन्हाळा संपता संपता तक्रारी सुरू झाल्या. सकाळी शोध रेंगाळतो, पान उघडत नाही. आमच्या टीमलीडनं माझ्यावर जबाबदारी टाकली की सर्व्हरवर देखरेख ठेवणारं चांगलं टूल निवड. मी तीन निवडली आणि एकेक लावून बघायला लागले.

पहिलं परदेशी आणि देखणं होतं. निळ्या रंगाचे आलेख, सगळीकडे हिरवे ठिपके. ते सरासरी दाखवायचं. सकाळी हजारो माणसं शोधतात, त्या सगळ्यांना सरासरी किती वेळ लागला याची एक रेघ. ती रेघ इतकी सपाट होती की मला तक्रार करणाऱ्यांचाच राग आला. यांचं इंटरनेट धड नसतं आणि आमच्या नावानं खडे फोडतात, असं मी मीटिंगमध्ये बोलूनही दाखवलं.

दुसरं टूल फुकटचं होतं, आपलं आपण जुळवून घ्यायचं. दिसायला अगदीच ओबडधोबड, पण ते प्रत्येक मिनिटातला सगळ्यांत रखडलेला शोध वेगळा दाखवायचं. लावलं त्याच दिवशी सकाळी सात-चाळीसला आलेखावर एक रेघ ताडकन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सात-चाळीसला पुन्हा तीच. शनिवार-रविवारीही सुट्टी नाही. कोणीतरी रोज त्या वेळेला चौकटीत पानभर मजकूर ओतत होतं. आमची यंत्रणा बिचारी त्यातला प्रत्येक शब्द, शिवाय त्या शब्दाची चुकलेली रूपंही शोधत बसायची. तेवढ्यात मागचे लोक खोळंबायचे.

टीममध्ये त्याला 'सात-चाळीसचा पाहुणा' असं नाव पडलं. कोणी म्हणे खोडसाळ माणूस आहे, कोणी म्हणे दुसऱ्या कंपनीनं लावलेला प्रोग्राम आहे. सगळ्यांत जास्त मी चिडले होते. साठ अक्षरांपुढचा मजकूर घ्यायचाच नाही, सरळ हाकलून द्यायचा, ही सूचना माझीच. टीमलीड म्हणाला, "हाकलू या, पण आधी कोण आहे ते तर बघू."

म्हणून तिसरं टूल. ते रखडलेल्या शोधाचा अख्खा मजकूर समोर मांडायचं. पाहुण्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून आम्ही मुद्दाम सकाळी साडेसातची मीटिंग ठेवली. मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपपुढे बसले. बाहेरच्या खोलीत बाबांची सकाळची वंदना म्हणून झाली होती आणि ते नेहमीसारखे मोबाईल घेऊन खिडकीपाशी बसले होते. रोज सकाळी तासभर ते एका बोटानं काहीतरी टाइप करत असत. सुविचार पाठवतात, अशी माझी समजूत होती.

सात-चाळीस झाले. रेघ उभी राहिली आणि तिच्याखाली मजकूर उमटला. टीमलीड मोठ्यानं वाचायला लागला.

"प्रति, मा. सर्व्हर साहेब यांस..."

सगळे फुटलेच. सर्व्हर साहेब! मीही हसले, इतकी की चहा सांडला. तो हसत हसत पुढे वाचत होता. "अर्जदार, राहणार भोर, व्यवसाय अर्जलेखन. विषय : मुलीस कळू न देता स्मरणशक्ती परत मिळणेबाबत."

माझं हसू तोंडातच राहिलं. हे अक्षर नव्हतं, छापील मजकूर होता, तरी मला तो काचेखालच्या अर्जांसारखा ओळखता आला. टीमलीड वाचत राहिला.

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, अर्जदारास दोन वर्षांपासून विस्मरण होत आहे. मार्गासनीहून परत येताना कापूरहोळ येथे उतरलो असता, भोरची गाडी कोणत्या बाजूस लागते हे आठवले नाही. सबब दोन तास उभा होतो. तसेच सकाळी उठल्यावर पत्नी हयात आहे किंवा कसे, याबाबत संभ्रम होतो. मुलगी संगणकावर मोठे काम करते, तिच्या कामात व्यत्यय येऊ नये. तरी साहेबांनी मार्ग दाखवावा. अर्जाची पोच मिळावी, ही विनंती. आपला विश्वासू."

हसणं केव्हाच थांबलं होतं. टीमलीड हळू आवाजात म्हणाला, "अरे, हे तर कोणीतरी खरंच..." मजकुराच्या खाली टूलनं एक ओळ दाखवली होती. सापडलेली पानं, शून्य. दिलेले सगळे शब्द एकाच पानावर सापडले तरच ते पान दाखवायचं, हा नियम मी केलेला. शून्य आलं की वाचणाऱ्याला काय दिसावं, ते वाक्यही मीच लिहिलेलं. 'आपण शोधलेले काहीही सापडले नाही.' रोज सकाळी, तासभर एका बोटानं टाइप केल्यावर, माझ्या बापाला मी हे उत्तर देत होते. दहा पावलांवरून.

"हा पाहुणा माझ्या घरचा आहे," मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

बाहेर आले तर बाबा मोबाईल खिशात टाकत होते. चेहरा नेहमीचाच, दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट. "काय गं, आज लवकर उरकलं तुझं?"

"काय करत होतात, बाबा?"

"काय न्हाई. सुविचार धाडत व्हतो."

ओरडावंसं वाटत होतं. त्यांच्यावर, माझ्यावर, कोणावर ते कळत नव्हतं. मी आत जाऊन नळ सोडला आणि रिकामं पातेलं घासत बसले.

मग एकेक आठवत गेलं आणि प्रत्येक आठवण नव्यानं कानाखाली बसावी तशी बसली. बाबा मार्गासनीला आतेकडे गेले होते त्या दिवशी त्यांना परतायला उशीर झाला होता. आल्यावर म्हणाले, "कापूरव्हळला एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, ढाब्यावर च्या पाजल्याबगर सोडंना." फोन न उचलल्याबद्दल मी त्यांना फैलावर घेतलं होतं. जन्मभर तोंडपाठ असलेली वंदना ते अलीकडे पुस्तिका धरून म्हणत होते. मला वाटलं, श्रद्धा वाढली. आणि चहा. गेले कितीतरी महिने ते सकाळी तीन कप चहा करत. एक त्यांचा, एक माझा, एक ओट्यावर झाकून ठेवलेला. तो तिसरा कप मी दहा वाजता गरम करून प्यायचे. "बाबा, किती लाड करता हो माझे," असंही म्हणायचे.

तो कप आईचा होता. हे मला पातेलं घासताना कळलं.

दुपारी टीमलीडचा फोन आला. त्यानं आधी माफी मागितली, मग दबकत विचारलं की टूलचं काय करायचं. मी सांगितलं, तिसरंच घेऊ, पण मजकूर दाखवायची सोय कायमची बंद ठेव. लोकांचे अर्ज आपण मोठ्यानं वाचायला नकोत. आणि साठ अक्षरांची मर्यादाही घालायची नाही. लांबलचक मजकुरासाठी आपण शोधाची पद्धत बदलू, शून्य दाखवायच्या आधी जे थोडंफार जुळतंय ते दाखवू. तो सगळ्याला हो म्हणाला. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ मी त्यानंतर घेतली. बाबांना मात्र त्याबद्दल सांगितलं नाही. अर्जाच्या विषयातच त्यांनी लिहिलं होतं, मुलीस कळू न देता.

रात्रीपर्यंत ठरवलं की पोच आपण द्यायची. समोर बसायचं, हात धरायचा आणि सांगायचं की बाबा, तुमचा अर्ज मला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडला नाही. ओट्यावर तीन कप होते. तिसऱ्यावरची बशी मी काढली नाही. सातलाच बाहेरच्या खोलीत गेले आणि बाबांसमोर खुर्ची ओढून बसले.

ते टाइप करत होते. विषयाची ओळ पुरी झाली होती, मला उलटी दिसली. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं मोबाईलवर तळवा ठेवला.

"जरा खाजगी हाय," ते म्हणाले. मग मोबाईल उपडा करून बाजूला सारला आणि एकदम कामाच्या आवाजात बोलायला लागले. "बसा बाई, बसा. लांबनं आलात का? वेल्ह्याकडच्या दिसता."

मला जन्मात कधी त्यांनी अहो-जाहो केलं नव्हतं. माझा हात त्यांच्या हाताकडे निघाला होता, तो वाटेतच राहिला.

त्यांनी खिडकीतली वही घेतली, मधला कागद सांभाळून फाडला, खिशातलं पेन काढलं. कागदाला डावीकडे समास पाडला. हात जराही थरथरत नव्हता.

"घाबरू नका, समदं नीट लिवतो. पोच मातर घ्यायची बरं का, त्याबगर तितनं हालायचं न्हाई," ते म्हणाले. "कशाबाबत अर्ज करायचाय?"

"वडलांबाबत," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, चष्मा वर सरकवला आणि पेन कागदावर टेकवून विचारलं, "वडील हयात हायत का?"

"आहेत," मी म्हणाले.

ते त्यांनी लिहून घेतलं.