उघडं पाकीट

“पाकीट चिकटवू नका,” पत्र हातात देताना ते प्रत्येकाला बजावायचे. “आपल्याबद्दल काय लिहिलंय ते आधी आपण वाचायचं, मग पुढे जायचं.”

कॅनडात मार्कहॅमला आमच्या शेजारी राहणारे हे काका इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. अठराव्या शतकात गावोगाव फिरणारे डॉक्टर, घड्याळजी, चित्रकार ओळख करून देणारी पत्रं घेऊन परक्या शहरात कसे शिरत, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. निवृत्तीनंतर ते स्वतःच तशी पत्रं लिहू लागले. भारतातून नवं कोणी आलं की शाईचं पेन निघालंच.

प्रत्येक पत्रात ते त्या माणसाची एक खोट लिहीत. नुसत्या कौतुकावर कोण विश्वास ठेवतं, असं त्यांचं म्हणणं.

“माझ्या बाबांना स्वतःबद्दल लिहिलंत, त्यात एकही नव्हती,” काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

“तेव्हा लग्न जमवायचं होतं.”

मी नागपूरची ग्रंथपाल. इथे अप्लाय करून थकले होते. प्रत्येक ठिकाणी कॅनेडियन एक्सपीरियन्स हवा. काकांनी जवळच्या व्हिटबी गावातल्या एका ग्रंथपालबाईंना पत्र लिहिलं. मी वाचलं आणि घाबरले. ‘ही फार कमी बोलते. प्रश्न दोनदा विचारावा.’

“काका, यानं नोकरी जाईल माझी.”

“अगं, अजून मिळालेली नाही, ती जाईल कशी?”

मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला माझी वाचा बसली. बाई पत्राकडे पाहून हसल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी बोलले, बरीच बोलले. नोकरी मिळाली.

या हिवाळ्यात काका गेले. फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शनाच्या वेळी शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, आपण कोण?

“कमी बोलणारी,” मी म्हणाले.

ते खुदकन हसले. “मी हट्टी. व्हिटबीचा डेंटिस्ट.”

तेवढ्यात एकजण धापा टाकत आत आला. बर्फाचं निमित्त सांगू लागला, तसे आम्ही दोघंही एकदम म्हणालो, “उशिरा येणारे?” तो चकित झाला, मग त्यानं ओशाळून मान डोलावली. भोवतीची माणसं हसू लागली. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही आपली खोट सांगून टाकली असती.

काकूही हसत होत्या. मग म्हणाल्या, “अगं, यांच्याबरोबर कोणी पत्र दिलं का? तिकडे कोण ओळखतं यांना? आणि खोट लिही हं.”

मी तिथेच बसून लिहिलं. ‘हे गृहस्थ कुणालाही परकं राहू देत नाहीत. सांभाळून घ्यावं.’

काकूंनी वाचलं, डोळे पुसले आणि पत्र पाकिटात घालून शवपेटीतल्या काकांच्या कोटाच्या खिशात ठेवलं. पाकीट चिकटवलं नाही.