रिकामी हाक

शिवराममामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या एका कॉलेजात माहितीपट कसा करावा हे शिकवत होते. फोन ठेवून मी पुन्हा उजेड, आवाज, बॅटरी यांवर बोलत राहिले. पहिल्या फिल्मनं तुम्हाला काय शिकवलं, असं एका मुलीनं विचारलं. तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली... खरं उत्तर आज महिन्याभरानं लिहिते आहे.

मामा आईच्या माहेरचे, वालूरजवळच्या गावातले. नात्याचे नव्हेत, पण आई त्यांना भाऊ म्हणायची. मेंढरं राखायचे. माझी पहिली, आठ मिनिटांची फिल्म त्यांच्यावर होती आणि मला त्यात सगळ्यात जास्त हवी होती त्यांची हाक. माळावर पांगलेली मेंढरं त्या एका हाकेसरशी धावत यायची, मग मामा त्यांना पाण्यावर न्यायचे किंवा मूठमूठ ज्वारी टाकायचे. पहिल्यांदा ऊन गेलं, दुसऱ्यांदा मोटारसायकल आडवी आली. मी म्हटलं, "आणखी एकदा, मामा."

"पोरी, रिकामी हाक मारू न्हाई. आल्यावर तेन्ला काय तरी द्यावं लागतंय. न्हाई तर इस्वास जातोय."

मला गंमत वाटली, हे वाक्यही टिपायला हवं होतं असं वाटलं. त्याचा अर्थ काही मनात शिरला नाही. तिसरा टेक उत्तम झाला, तरी हावरटासारखे मी आणखी तीन घेतले. आईची लेक म्हणून मामांना नाही म्हणवेना. सहाव्या हाकेला पुढच्या मेंढीनं नुसती मान वर केली आणि पुन्हा चरायला लागली. मामांनी पागोटं काढून तोंड पुसलं. मी सामान आवरत होते.

पंधरा दिवसांनी गेले, तर मामी दारातच म्हणाल्या, "हाकेला येईनात मेंढरं. ह्यांचे लय गुडघे दुखतेत, तरी मागं पळायलेत बग." आतून मामा ओरडले, "लेकराला कशाला सांगतीस? होईल सवय." मेंढरांना पुन्हा हाकेची सवय व्हायला चार महिने लागले. फिल्मचं कौतुक झालं, त्यातल्या हाकेचं तर फारच. मामांची माफी मागायची तेवढी राहून गेली. लाज वाटायची, आणि दर खेपेला पुढच्या खेपेवर ढकलायचे.

परवा मामींना भेटायला गेले. मामींनी फिल्म पाहिलीच नव्हती, म्हणून अंगणात बसून मोबाईलवर लावली. मामांची हाक आली आणि अंगणाला लागून असलेल्या वाड्यातली मेंढरं एकदम उठून कुडाशी दाटली, माना वर करून ओरडायला लागली. मी घाईघाईनं फोन बंद केला. मामांच्या माघारीही त्यांच्या आवाजात मी रिकामी हाक मारलीच होती... मामी डोळे पुसत उठल्या, घरातून ज्वारी आणली आणि मेंढरांत शिरल्या.