खंब्यावरची खार

मारोती कुंभलकर माझा मावसभाऊ. तुमसरहून रायपूरला आला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं आणि अंगात एकच कला होती. कुठल्याही झाडावर, कुठल्याही खंब्यावर तो बघता बघता चढून जायचा. त्या कलेवर त्याला विजेच्या कामाच्या एका ठेकेदाराकडे रोजी मिळाली. मोहल्ल्यात त्याला सगळे लाइनमन म्हणायचे, पण वीजखात्याचा पक्का लाइनमन तो कधीच झाला नाही. ठेकेदार बदलत गेले, तो मात्र त्याच खंब्यांवर चढत राहिला.

तात्यापारा मोहल्ल्यात बिसाहीनबाई नावाच्या छत्तीसगढी म्हातारीच्या घरी मागच्या अंगाच्या दोन खोल्यांत तो राहायचा. बायको लता भंडाऱ्याकडची. एक मुलगी, क्षमा. मी नोकरीसाठी रायपूरला आलो तेव्हा पहिलं वर्षभर लतावहिनीच्याच हातचं जेवलो. ते घर तेव्हा फार हसतं होतं. मारोतीभाऊ कामावरून आला की अंगणातल्या बादामाखाली बसून दिवसभराच्या गमती सांगायचा, आणि वहिनी भाकरी थापता थापता त्याला मधेच टोकायच्या.

मग छत्तीसगढचं नवं राज्य झालं आणि आमचं धुळकट रायपूर राजधानीचं गाव झालं. बंगले उठले, दुकानांना काचा लागल्या, घरोघरी एसी आले. रस्ते रुंद करायला जुने कडुनिंब, करंज, चिंचा पाडल्या. विजेचा लोड वाढला तसे गल्लोगल्ली ट्रान्सफॉर्मर बसले, आणि झाडांवरून बेघर झालेल्या खारी त्यांच्याकडे आल्या. खारीला आडोसा लागतो आणि ऊब लागते. खंब्यावरच्या फ्यूजच्या पेटीत दोन्ही मिळतं. सुतळीचे धागे, उशीतला कापूस, वाळलं गवत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या चिंध्या, असलं काय काय तोंडात धरून ती आणायची आणि पेटीत गोल घरटं करायची. वर्षातून दोनदा-तीनदा पिल्लं. नर फिरकतही नाही, सगळं त्या एकट्या मादीनं करायचं.

आणि एखाद्या दिवशी ती ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर मागचे पाय टेकून वरच्या तारेला नाक लावायची. मोठा आवाज व्हायचा आणि अर्धी कॉलोनी अंधारात. मग मारोतीभाऊला बोलावणं. जळालेली खार काढायची, फ्यूज बदलायचा, पेटीतलं घरटं रिकामं करायचं. छत्तीसगढीत खारीला चिटरा म्हणतात. सबस्टेशनवरची माणसं त्याला 'चिटरावाला' म्हणून हाक मारू लागली.

घरट्यात पिल्लं असली तर त्याची एक रीत होती. घरटं उचलून जवळच्या भिंतीवर, सावलीत ठेवायचं आणि दूर जाऊन बिडी ओढत बसायचं. मादी तारेवर शेपटी झटकत चिक्‌चिक्‌ ओरडत राहायची, मग हळूच उतरायची, एकेक पिल्लू मानेशी तोंडात धरून दुसरीकडे न्यायची. शेवटचं पिल्लू गेलं की हा उठायचा. मुकादम श्यामराव शिव्या घालायचा. मारोतीभाऊ म्हणायचा, "पोट्टे तिचे हायेत ना भैया, नेऊ दे तिले."

घरी याचं कौतुक होतं. बिसाहीनबाई क्षमाला सेतूची गोष्ट सांगायची. वाळूत लोळून अंगाला चिकटलेली वाळू समुद्रात झटकणारी ती इवलीशी खार, आणि तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची बोटं. कौसल्या इकडची लेक, म्हणून छत्तीसगढी माणसाला राम म्हणजे भाचा. "राम तो हमर भांचा ए, बहू," म्हातारी वहिनीला म्हणायची. "भांचा के चिटरा ल कोन मारही?"

मारोतीभाऊ चिडवायचा. "बोटं तीन फिरवली म्हणते ना? इकडल्या खारीले तं पाच पट्टे हायेत. म्या हातात धरून पाह्यले."

"मंग पुरा पंजा फिरवला असंन," लतावहिनी ठसक्यात म्हणायच्या. त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं की खारीचं घर मोडणाऱ्याचं घर टिकत नाही. त्या ते अगदी मनापासून मानायच्या.

एका उन्हाळ्यात चौबे कॉलोनीत एका घरी साखरपुडा होता. मांडव, पाहुणे, कुलर, आणि ऐन दुपारी लाइट गेली. खंब्यावरच्या पेटीत घरटं होतं, त्यातल्या चिंधीनं पेट घेतला होता. मारोतीभाऊ वर चढला तर आत पिल्लं. डोळे न उघडलेली, गुलाबी, बोटाएवढी. खाली घराचा मालक ओरडत होता, श्यामराव त्याच्याहून जोरात ओरडत होता. जवळ भिंत नव्हती, घरटं ठेवायला जागा नव्हती. उतरून परत चढायला वेळ लागला असता.

"फेक ना बे खाली! खारीची वरात काढाची हाये का?" श्यामराव ओरडला.

त्यानं फेकलं. खाली सिमेंटचा रस्ता तापलेला होता.

त्या दिवशी तो न जेवता अंगणात बसला. लपवून ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. वहिनींनी दोनदा विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. वहिनींनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचे हात कसे चालले जी?"

पावसाळा लागायच्या आधीच भाऊला अपघात झाला.

त्याच कॉलोनीत, मागच्या गल्लीत, ट्रान्सफॉर्मरवर खार मरून अडकली होती. मारोतीभाऊनं सबस्टेशनवर फोन करून लाइन बंद करवून घेतली. ड्यूटीवर निरंजन होता, खात्यातला पक्का माणूस, भाऊच्या रोजच्या ओळखीतला. त्यानं "बंद केली, चढ" म्हटलं. तारांना लावायची अर्थिंगची साखळी ठेकेदाराकडे एकच होती, ती त्या दिवशी बीरगांवच्या कामावर गेलेली. ती लावलेली असली की लाइन परत आली तरी माणूस वाचतो. ती नव्हती. भाऊ तसाच चढला, कारण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामच मिळालं नसतं. खार काढायला त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि लाइन आली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. डाव्या हाताचा पंजा गेला, कोपराखाली थोडा भाग राहिला.

शुद्ध आल्यावर काही दिवसांनी भाऊनं मला जवळ बोलावलं. निरंजन येऊन गेला होता. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या तेव्हा तो पलंगाशी बसून रडला होता. "मले वरून फोनावर फोन येऊन राहिले होते, मारोती. मले वाटलं तू उतरला," असं म्हणाला होता.

"चुकला बिचारा," भाऊ मला म्हणाला. "पण कबूल केलं त्यानं. आता काही ना काही होईन."

काही झालं नाही. चौकशीत निरंजननं सांगितलं की लाइन त्यानं चालू केलीच नाही. खार अडकली होती, तिच्यामुळे काय झालं ते देवाला माहीत. ठेकेदार म्हणाला, त्या दिवशी मारोती कामावर नव्हताच, आपल्या मनानं चढला. श्यामरावनं त्याच्या म्हणण्याला मान डोलावली. खात्यानं अपघाताचं कारण ठरवलं: खार. भाऊ पट्ट्या बांधलेल्या अंगानं ऑफिसांच्या पायऱ्या चढत होता, मी सोबत असायचो. साहेब लोक बसायला खुर्ची द्यायचे, पाणी विचारायचे. पाणी प्यायला त्याला दुसऱ्याचा हात लागायचा, म्हणून तो नको म्हणायचा.

तो यानंही मोडला नसता, असं मला वाटतं. तो मोडला घरात.

लतावहिनी त्याचं सगळं करायच्या. भरवायच्या, आंघोळ घालायच्या, बिडी पेटवून त्याच्या ओठांशी धरायच्या. कधी कंटाळा नाही, कधी वाकडा शब्द नाही. पण त्यांच्या मनात एक गाठ पक्की बसली होती. ज्या हातांनी पिल्लं फेकली, तेच हात गेले. यात निरंजनचा काय दोष? एकदा निरंजन घरी आला. केळी घेऊन आला होता. वहिनींनी त्याला चहा दिला, वर म्हणाल्या, "तुमी मनाले लावून घेऊ नका, भैया. जे होतं ते होऊनच राह्यतं."

भाऊ आतल्या खोलीत होता. निरंजन गेल्यावर तो ओरडला, "मले खारीनं नाई मारलं, लता! माणसानं मारलं! त्यानं बटन दाबलं!"

"त्याच्या हातून दाबवलं जी," वहिनी शांतपणे म्हणाल्या.

"कोणं दाबवलं? आँ? कोणं?"

वहिनी चहाचे कप विसळायला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या बिसाहीनबाईला घेऊन चंदखुरीला गेल्या. तिथं तळ्याच्या मधोमध कौसल्येचं मंदिर आहे. रामाची आई आपलं ऐकेल, म्हणून नारळ वाहून माफी मागून आल्या. पुढे दरवर्षी जाऊ लागल्या. अंगणात रोज सकाळी शेंगदाणे ठेवू लागल्या. बादामावरच्या खारी उतरून यायच्या, पुढच्या दोन पायांत दाणा धरून, फिरवून फिरवून, सोलून खायच्या. भाऊ खाटेवर बसून ते बघायचा. खारींवर त्याचा राग नव्हता. मला एकदा म्हणाला, "कशी पकडते पाहा. दोन हात हायेत तिले."

वर्षं गेली. वहिनी चार घरी स्वयंपाकाला जायला लागल्या. क्षमा मोठी झाली, शिकली. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीतच. भाऊनं निरंजनचा विषय काढला की ती वैतागायची, "पापा, अब छोड़ो ना. क्या मिलेगा?" तीही त्याच्या बाजूनं नव्हती, आईच्याही नव्हती. तिला त्या घरातून निघायचं होतं. भाऊ मात्र येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचा, आणि दर वेळी नजर वहिनींकडे असायची. त्यांनी एकदाच म्हणावं, हो, माणसानं मारलं. एवढंच त्याला हवं होतं. खात्याकडून काही मिळायची आशा त्यानं कधीच सोडली होती. वहिनींना खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून त्या गप्प राहायच्या.

क्षमाला दुर्गचं स्थळ आलं. आपल्याकडचेच लोक, मुलगा रेल्वेत. त्याचं नाव पराग. क्षमाला तो आवडला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पाहुणे यायच्या दिवशी वहिनींनी भाऊला नवा सदरा घातला, मोकळ्या बाह्या नीट आत दुमडून टाचण्या लावल्या. आणि म्हणाल्या, "आज निरंजनसंगच्या भांडणाची गोष्ट काढू नका. लोकं म्हणतीन, कोर्टकचेरीचं घर हाये."



पोहे झाले, चहा झाला. परागची आई फार देवभोळी होती, गळ्यात तुळशीची माळ. तिनं हळूच विचारलं, "हातांले काय झालं होतं जी?"

मी तिथंच होतो. वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. भाऊनं त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते म्हटलं.

"खार," तो म्हणाला. "म्या तिचे पिल्लं फेकले होते. त्याचंच भोगून राहिलो."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुणे निघेपर्यंत त्या पदर तोंडाशी धरून होत्या. त्यांना वाटलं, नवऱ्याला शेवटी उमगलं. मला ते तसं वाटलं नाही. तो थकला होता आणि त्याला बायकोला काहीतरी द्यायचं होतं. देण्यासारखं त्याच्याकडे दुसरं उरलं नव्हतं.

आठवडाभरानं दुर्गहून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण घराला दोष आहे. जीव मारल्याचा दोष पोरीच्या अंगाला येतो, आमच्या घरात नको. परागनं एक फोन केला, मग तोही बंद झाला.

क्षमा दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. बाहेर आली ती बिलासपूरला नोकरी लागल्याचं सांगायला. तिकडं गेली ती गेलीच. दिवाळीला येते, दुसऱ्या दिवशी परतते. लग्नाचा विषय काढू देत नाही.

क्षमा बिलासपूरला गेली त्या संध्याकाळी मी भाऊकडे होतो. वहिनी त्याला भरवत होत्या. घास त्याच्या तोंडाशी नेता नेता त्यांचा हात थांबला.

"तुमी काहून तसं सांगतलं त्याईले?" त्या म्हणाल्या. "माणसानं बटन दाबलं, असं काहून नाई म्हटलं?"

मारोतीभाऊ त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो ओरडेल, नाहीतर रडेल. त्यानं तोंड उघडलं, घास घेतला आणि चावू लागला.

त्यानंतर तो त्या अपघाताबद्दल कुणाशी बोललेला मी ऐकला नाही. निरंजन रिटायर झाला. रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, भाऊ मान हलवतो. वहिनी चंदखुरीला जायच्या बंद झाल्या. शेंगदाणे ठेवायच्याही. बिसाहीनबाई गेल्यावर तिच्या मुलांनी बादाम तोडून तिथं दुकानाचे गाळे काढले. भाऊची खाट आता आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून असते. मी रविवारी जातो. आम्ही क्रिकेट लावतो, आवाज बारीक ठेवतो, आणि वहिनी स्वयंपाकाच्या घरून येईपर्यंत तसेच बसून राहतो.