खारं ताक आणि पांढरी शेवंती

परभणीचं नाव काढलं की पुण्याकडचे पाहुणे उन्हाचंच बोलतात. त्यांना एकदा पौषातल्या सकाळी सोनपेठला आमच्या अंगणात स्वेटरशिवाय उभं करावं, असं माझ्या फार मनात आहे. खोबरेल तेलाची बाटली दगड होते, नळाचं पाणी हाताला चावतं आणि फुलझाडं माना टाकतात.

झाडांचं हे दुखणं मला कळलं ते आत्याबाई खाटेला खिळल्या तेव्हा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. न्हाणीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्यांची पांढरी शेवंती माझ्या गळ्यात पडली. ही शेवंती त्यांनी चुडाव्याहून, माहेरून आणलेली. त्यांची आई गेली त्या वर्षी तिच्या परसातून मुळासकट काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन रेल्वेनं. पुढं भावांनी ते घर विकलं. त्यामुळं माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते आमच्या भिंतीलगत दोन हात जागेत उभं होतं.

आमच्यात गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. थंडीचे दोन महिने त्या पूजेला आत्याबाईंना ह्याच झाडाचं फूल लागे. ते वाहिल्याशिवाय चहासुद्धा नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. फुलझाडाशी माझा संबंध पुस्तकातल्या आकृतीपुरता. पण आत्याबाईंनी खाटेवरून सूत्रं हलवायला सुरुवात केली. पानामागं माव्याची कीड दिसली की चुलीची राख चाळून भुरभुरायची. दिवस मावळायच्या आत जुन्या लुगड्याचं पांघरूण घालायचं, ऊन वर आलं की काढायचं. पाणी आधी बादलीत उन्हाला ठेवायचं, मग घालायचं.

"गार पाणी तुझ्या डोक्यावर वतलं तर तुला चालंल का?" त्या विचारायच्या.

"नाही चालणार."

"मग तिला कसं चालंल?"

पुढं पानांवर पीठ सांडल्यासारखी पांढरी बुरशी दिसली. मी वर्दी दिली. "भुरी हाय ती," आत्याबाई म्हणाल्या. "आंबट ताक शिंपड, पाणी घालून." मी उत्साही बाई. शिंपडून काय होणार, म्हणून पाणी न घालता तांब्याभर ताक रोज मुळाशी ओतायला लागले. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी पुन्हा वर्दी दिली. "थंडीनं करपायली आसंल," त्या काळजीनं म्हणाल्या, "ताक चालू ठेव." मी दोन तांबे केले.

पंधरा दिवसांनी एका दुपारी ताक ओतून आत येताना सहज बोट चाटलं आणि जागीच उभी राहिले. ताक खारं होतं. ऑपरेशननंतर आत्याबाईंच्या तोंडाची चव गेली होती, त्यांना हवं तेव्हा पिता यावं म्हणून घुसळल्याबरोबर मी अख्ख्या भांड्यात मीठ घालत होते. मिठानं बटाट्यातलं पाणी कसं ओढलं जातं, हे मी सातवीला दरवर्षी करून दाखवते. घरी येऊन मी तोच प्रयोग सासूच्या माहेरावर केला होता.

मुळं उकरून पाहिली, काळी पडली होती. एकही फुटवा जिवंत नव्हता.

दोन दिवस मी बाजारातली फुलं देऊन वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी फूल नाकाशी नेलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माय ऱ्हायली होती गं तेवढी." आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवसापासून पूजा नुसत्या भस्मावर आणि बेलावर होऊ लागली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मग मला समोरच्या काकू आठवल्या. ह्या काकूंशी आत्याबाईंचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं, कारण त्यांनी एकदा न विचारता ह्याच शेवंतीचा फुटवा उपटून नेला होता. आत्याबाईंनी खिडकीतून पाहिलं होतं. चोर म्हणून जे तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

मी रस्ता ओलांडून गेले. काकूंच्या परसात हौदाशेजारी शेवंतीचं हे एवढं बेट होतं, पांढरंशुभ्र. मी झाला प्रकार सांगितला आणि एक फुटवा मागितला.

काकूंनी दोन्ही हात वर केले. "मागू नको बाई! मागून नेलेलं रोप लागत न्हाई, चोरून नेलं तरच लागतंय. मी बी तवा मागितलं न्हाई ते ह्याच्याचसाठी. ती खामखा रुसून बसली." मग पदर खोचत म्हणाल्या, "मी दूध बघून येते. खुरपं हौदापाशी हाय." आणि माझ्याकडं पाठ करून आत गेल्या. दूध बघायला त्यांना चांगलाच वेळ लागला.

चोरून आणलेलं रोप लवकर लागतं, हे आत्याबाईंनाही ठाऊक होतं. गावातल्या कितीतरी अंगणांतून त्यांनी स्वतः फांद्या मोडून आणल्या होत्या. आईच्या झाडाला हात लागला, तेव्हा मात्र त्यांना ते आठवलं नाही.

मातीच्या गोळ्यासकट काढलेलं रोप मी कुंडीत घालून खाटेशी नेलं. त्यांनी पानं उलटी करून पाहिली, कळ्या मोजल्यासारख्या बोटांनी चाचपल्या, माती चिमटीत घेतली.

"कुठून आणलंस?"

"समोरून. चोरून."

"तिनं बघितलं न्हाई?"

"पाठ करून आत गेल्या."

आत्याबाईंनी कुंडी अंगाशी ओढली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. मग माझ्यावरच डाफरल्या, "बघत काय बसलीस? जा, तिला बोलावून आण. म्हणावं, चोरलंस तसं आता येऊन जगवून दे. ह्या मास्तरणीवर माझा बिलकुल भरवसा न्हाई."

मी फाटक उघडलं. काकू रस्त्याच्या अलीकडंच उभ्या होत्या, अनवाणी.