अस्वलाचा पट्टा

रविवारी दुपारी दुकान बंद झालं की मी मोबाईलवर गेम खेळते, हे कळल्यापासून वर्ध्यातल्या माझ्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत! चाळिशीच्या बाईनं गेममध्ये रानडुक्कर पाळू नये असा काही कायदा आहे का? त्या दिवसभर मालिका बघतात, मी काही म्हणते?

हा गेम मला माझ्या धाकट्या भावानं लावून दिला. तो पुण्यात नोकरीला आहे. फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवला का?", "हो, तू?", "झालं." की संपलं. गेममध्ये मात्र कानात हेडफोन घालून आम्ही जंगलात हिंडायचो, तेव्हा त्याचं तोंड बंद होत नसे.

त्या जंगलात जनावर माणसाळवायचं तर त्याच्या वाटेवर खाणं ठेवायचं, हत्यार खाली टाकायचं आणि लांब बसून राहायचं. रोज थोडं जवळ सरकायचं. घाई केली की सगळी मेहनत पाण्यात. हातातून खाल्लं की गळ्यात पट्टा घालायचा, मग ते तुमचं. माझं डुक्कर दोन रताळ्यांतच आलं, माझ्यासारखंच खादाड. भावाला मात्र अस्वलच पाहिजे होतं. आमचं गाव हिंगणी, बोरच्या जंगलाला लागून. तिथं अस्वलाच्या भीतीनं मोहफुलं वेचायलाही कुणी एकटं जात नाही, आणि हा मोबाईलमध्ये मधाचं पोळं घेऊन त्याची वाट पाहत बसला. अख्खा उन्हाळा. मी शेजारी बसायची. अस्वल येईपर्यंत तो सायबाबद्दल बोलायचा, खोलीवरच्या पोरांबद्दल बोलायचा, कधी आईची आठवण काढायचा. समोर जनावर असलं की माणसांना एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून बोलणं सोपं जात असेल.

पावसाळा लागता लागता अस्वलानं त्याच्या हातातून मध खाल्ला आणि त्यानं त्याच्या गळ्यात पट्टा घातला. मग एक दिवस म्हणाला, "ताई, मी हे बंद करून राह्यलो. काम वाढलं, वेळच नाई भेटत. अस्वल तू ठेव."

अस्वल येईल, पण बोलायला कोण? तरी मी म्हटलं, "आण."

पुढच्या रविवारी तो अस्वल घेऊन नदीकाठी आला. मी मध काढून ठेवला होता, कुंपण घातलं होतं. आता त्यानं फक्त ते माझ्या नावावर करायचं होतं. आणि या शहाण्यानं त्याआधी अस्वलाच्या गळ्यातला पट्टाच काढला! या गेममध्ये पट्टा निघाला की जनावर कुणाचंच नसतं. अस्वलानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बांबूत शिरून दिसेनासं झालं.

"अबे! पट्टा काऊन काढला?"

"म्हणजे? जनावर देताना दोर आपल्याजवळ ठेवा लागते ना!"

आमच्या घरी गाय विका की बैल विका, दोर सोबत जात नाही. घेणारा आपला दोर घेऊन येतो. आपला दोर बाबा परत खुंट्याला बांधतात. दोर गेला तर गोठा ओस पडतो म्हणतात. शेतीचं नाव काढलं की नाक मुरडणारा माझा भाऊ, पण हातानं बरोबर तेच केलं.

मला आधी हसू आलं. हसता हसता रडूच फुटलं.

तो घाबरला. "अवं ताई, अस्वलासाठी रडतं का? दुसरं पकडून देतो."

"अस्वल गेलं खड्ड्यात! मले कवा पाहिजे होतं अस्वल? तू चालला म्हणून रडून राह्यली मी."

"मी कुठी चाललो? फोन आहे ना."

"फोनवर बोलतं का तू?"

"तू तरी काही विचारतं का? जेवला का, जेवला का. मेसमध्ये जेवण भेटतेच ना वं."

मला राग आला, कारण खरं होतं. माझं डुक्कर पायाशी घुटमळत होतं. गेममधून मात्र दोघांपैकी कुणीच बाहेर पडलं नाही.

शेवटी मी विचारलं, "तुले करमते का रे तिकडे?"

तो माझ्या डुकराशेजारी येऊन बसला.

"नाई, ताई," तो म्हणाला. "बिल्कुल नाई करमत."