महाराष्ट्रापुरता परवाना

विनोद अंभोरेसाठी मी एकूण अकरा अर्ज लिहिले. मी आमच्या गावच्या शाळेत मास्तर, विनोद माझ्यापासून तिसऱ्या घरात राहणारा. रिसोडहून जीपनं आलं की पाऊण तासात आमचं गाव येतं. फौजेत सतरा वर्षं काढून, नायक होऊन तो परतला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. घरात म्हातारी आई भागिरथा, बायको रत्नमाला आणि बारावीतली स्नेहा. बोलणं कमी, वागणं नेमकं. रस्त्यात भेटला की थांबून, मान थोडी झुकवून ‘जय भीम, सर’ म्हणायचा आणि मग वाटेला लागायचा.

निवृत्तीनंतर त्याला रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. फौजेचे कागद होते, नावावर कुठला गुन्हा नव्हता, त्यामुळे कुठं अडलं नाही. त्या जोरावर जवळच्याच मालेगावच्या एका पतसंस्थेत तो गनमॅन म्हणून लागला. वर्षभरात ती शाखाच बंद झाली. पण तिथं येणाऱ्या एका सराफानं त्याला पाहून ठेवलं होतं. सराफाचे काका, हिरालालशेठ, तेलंगणात दागिन्यांचं दुकान चालवायचे. दोन शहरांत माल न्यायचा-आणायचा असायचा, गाडीत शेजारी बसायला भरवशाचा माणूस हवा होता. विनोद नांदेडमार्गे तिकडं गेला.

शेठनं चष्मा चढवून परवान्याचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“फौजी, हे त महाराष्ट्रापुरतंच हाय. रिव्हॉल्व्हर घेऊन तू इथपर्यंत आला कसा?”

“आनलं नाई शेठजी. घरी कुलपात हाय.”

“मंग मी त्याचं काय करू?” शेठ हसले, पण माणूस त्यांना आवडला होता. “दिवाळीपर्यंत तुही जागा धरून ठेवतो. तवरीक लाठी घेऊन गेटवर बस. परवाना करून आन.”

विनोद गावी आला तो थेट माझ्याकडे. पहिला अर्ज लिहिताना तो म्हणाला, “सर, फौजेत होतो तवा काश्मीरले गेलो, आसामले गेलो. हातात हत्यार असायचं. हे राज्य कोनतं, ते कोनतं, कोनी इचारलं नाई.”

“ते हत्यार सरकारचं होतं,” मी म्हणालो.

त्यानं अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि गेला.

जिल्ह्याच्या ऑफिसात परवान्यांचं टेबल साधना मॅडमकडे होतं. बाई चांगली होती. विनोदला खुर्ची द्यायची, कागद नीट समजावून सांगायची. परवान्याचं क्षेत्र वाढवून घ्यावं लागेल, त्याला कारण लागेल, कारणासाठी तिकडच्या मालकाचं पत्र लागेल. विनोद पत्र आणायला गेला. शेठचे वकील म्हणाले, परवाना नसलेल्या माणसाला गनमॅन ठेवतो असं आम्ही कसं लिहून देणार? विनोद परत आला. पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला शेठनं दोन ओळी लिहून दिल्या: परवाना झाल्यास नोकरी देण्याचा विचार करू. साधना मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. “चालवून पाहू,” म्हणाल्या.

ते चोवीस साल होतं. लोकसभा लागली आणि अख्खं ऑफिस निवडणुकीच्या कामाला गेलं. फाइल जागेवरच राहिली. विनोद तिकडं गेटवर बसायचा, महिन्याच्या शेवटी दोन दिवस गावी यायचा आणि त्यातला एक दिवस ऑफिसात घालवायचा.

श्रावणात चौकशीला एक पोलीस गावात आला. रत्नमाला निंदायला गेलेली, स्नेहा कॉलेजला. घरी एकटी भागिरथा. पोलीस सभ्य होता. ओट्यावर बसला, पाणी मागितलं. म्हातारीनं चहा ठेवला. पोलीस आपल्या पोराच्या नोकरीसाठी आलाय एवढं तिला समजलं, आणि पोराची इज्जत वाढेल असं काहीतरी बोलावं असं तिला वाटलं.

“विनोद इथंच राहतो ना, मावशी?”

“कायचा राह्यते बापा! तो आता तिकडचाच झाला. शेठनं त्याले खोली देल्ली, लय मान देते. सहा-सहा महिने येत नाई तो. इथं कोन हाय आता, आमी बाया.”

पोलिसानं लिहून घेतलं. भागिरथा प्रौढांच्या वर्गात सही करायला शिकलेली. मागितली तेव्हा तिनं ती मोठ्या झोकात केली. संध्याकाळी मला हाक मारून सांगितलं, “मास्तर, साह्यब आलता. मी इन्याचं लय चांगलं सांगतलं.” मी बरं केलं म्हणालो. मलाही तेव्हा काही सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात विनोद ऑफिसात गेला. साधना मॅडमनी त्याला बसायला सांगितलं आणि फाइल त्याच्याकडे फिरवली. ‘अर्जदार नमूद पत्त्यावर वास्तव्यास नाही.’ खाली जबाब, आणि जबाबाखाली तिरकं चढत गेलेलं नाव, भागिरथा अंभोरे.

“आता क्षेत्रवाढ होत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही या जिल्ह्यात राहतच नाही असा अहवाल आहे. परवाना तिकडं वर्ग करून घ्या.”

“मॅडम, मी इथलाच हावो. राशनकार्ड पाहा. मतदान पाहा. मायले समजलं नाई, तिनं…” इथं तो थांबला. आईनं खोटं सांगितलं, असं म्हणणं त्याच्या तोंडून येईना.

“मला दिसतंय हो सगळं,” मॅडम म्हणाल्या. “पण अहवाल असा आल्यावर माझ्या हातात काही राहत नाही. फेरचौकशीचा अर्ज द्या. मी पुढे पाठवते.”

तो अर्जही मी लिहिला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

तिकडच्या ऑफिसात विनोदला तेलुगू कळेना. चहाची किटली घेऊन फिरणाऱ्या एका माणसानं मधे उभं राहून त्याला हिंदीतून सांगितलं, की तुमचं आधार महाराष्ट्राचं, भाडेपत्र नाही, वीजबिल नाही, म्हणजे तुम्ही इथले रहिवासी नाही. खोलीचा कागद मागायला तो शेठकडे गेला. खोली म्हणजे दुकानाच्या गोदामातला एक कोपरा. त्याचा कागद होत नाही, शेठ म्हणाले.

घरी त्यानं हे फक्त रत्नमालाला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, “मायले सांगू नका. जेवन सोडन ते.” मलाही तिनं बजावलं. भागिरथा मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी मला विचारायची, “मास्तर, साह्यबानं लिवून नेलं होतं, त्याचं काय झालं?” आणि मी म्हणायचो, वेळ लागतो.

दिवाळीच्या आधी विधानसभेची आचारसंहिता लागली. सगळ्यांसारखं विनोदनंही रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं आणि पावती घेतली. निकाल लागून बाकीच्यांची हत्यारं घरी गेली, तोवर विनोदच्या परवान्याची मुदत संपली होती. इथले म्हणाले, तुम्ही इथं राहत नाही, नूतनीकरण तिकडं करा. तिकडचे म्हणाले, आधी परवाना इकडं येऊ द्या. जिवंत परवाना नाही, म्हणून हत्यार परत देता येत नाही. मी दोन्हीकडे रजिस्टर पोस्टानं अर्ज धाडले. पोचपावत्या आल्या.

शेठनं दिवाळीपर्यंत वाट पाहिली होती. दिवाळी झाल्यावर आठ दिवस आणखी थांबले. मग तिथलाच एक माणूस ठेवला, तिथलाच परवाना असलेला. विनोद गेटवरच राहिला. आता गाडी निघताना दार उघडून धरायचं कामही त्याच्याकडे आलं.

“त्या नव्या गनमॅनच्या कमरेचा पट्टा ढिला असते, सर,” एकदा तो मला म्हणाला. “बसला का रुतते म्हनून रिव्हॉल्व्हर काढून मांडीवर ठेवते. नळी सरळ ड्रायवरकडं.”

“तुम्ही सांगितलं नाही त्याला?”

“सांगतलं. हसला.”

यंदा पावसाळा संपताना विनोद चार दिवसांच्या सुट्टीवर आला. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा वस्तू ठेवतात त्या खोलीत, भिंती ओल्या झाल्यात असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. मला म्हणाला, “चला सर, नुसतं पाहून येऊ.” त्यानं खिशात तेलाची छोटी बाटली घेतली, आणि धुऊन वाळवलेली एक सुती चिंधी.

मालखान्यावर उदयसिंग नावाचे जमादार होते. विनोद फौजेतला म्हटल्यावर त्यांनी दार उघडलं, पावतीचा नंबर शोधून पुडकं बाहेर आणलं आणि टेबलावर सोडलं. नळीवर, मुठीच्या कडेला तांबूस ठिपके आले होते. विनोदचा हात पुढे गेला.

“हात नका लावू, फौजी,” उदयसिंग हळूच म्हणाले. “परवाना नाई ना तुमच्याजवळ. कोनी पाह्यलं त मले भोवन.”

विनोदनं हात मागे घेतले आणि पाठीशी धरले. “मंग तुमीच पुसा. मी सांगतो.”

उदयसिंग बिचारे बसले. चक्री कशी बाहेर काढायची, चिंधी कुठून घालायची, तेल किती, विनोद उभ्या उभ्या सांगत होता. जमादारांची बोटं जाड होती, त्यांना ते काम येत नव्हतं. तेल भसकन सांडलं. “एवढं नाई, जमादार, एवढं नाई,” विनोद म्हणाला, आणि पाठीमागे त्याची बोटं हलत होती. मी त्याच्या मागेच उभा होतो, मला ती दिसत होती. ठिपके काही निघाले, काही राहिले. मग पुडकं पुन्हा बांधलं गेलं. उदयसिंगांनी तेलाची बाटली स्वतःजवळ ठेवून घेतली. “मी लावत जाईन अधूनमधून,” म्हणाले. बदली झाली तर कोण लावणार, हे विनोदनं विचारलं नाही.

आम्ही जीपनं परतलो. भागिरथा ओट्यावर तूर निवडत बसली होती.

“इन्या, भेटली का रे तुही बंदूक?”

“भेटली, माय. चांगली हाय.”

“मंग घरी काहून नाई आनली?”

विनोदनं चपला काढून भिंतीला नीट लावल्या. “साह्यब सुट्टीवर हाय,” तो म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.